एडिस्टोन रायफलीसाठी दुर्बिणीची पट्टी

मागच्या सप्टेंबरात आमच्या शेजारचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ घोंगडीत गुंडाळलेली एक रायफल घेऊन आमच्या तळघरात उतरले. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, त्यांनी आधीच काढून कोटाच्या खिशात ठेवला होता, आणि खाली आल्याबरोबर काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, रिकामे असल्याचे मला दाखवून मगच त्यांनी ती बाकावर आडवी ठेवली. पेनसिल्व्हेनियात येऊन आम्हांला चौदा वर्षे झाली, पण शिकारीची बंदूक इतक्या जवळून मी प्रथमच पाहत होतो. त्यांची तक्रार साधी होती. रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणारे दोन जुने ठोकळे होते, त्यांतल्या मागच्याला तडा गेला होता आणि दुर्बीण दर चार-पाच गोळ्यांनंतर जागा सोडत होती. या ठोकळ्यांऐवजी दुर्बीण बसवण्यासाठी बाजारातल्या तीन वेगवेगळ्या लांब पट्ट्या त्यांनी मागवून पाहिल्या होत्या आणि एकही नीट बसली नव्हती. तळघरातून रात्री माझ्या लेथचा, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचा, आवाज येतो हे त्यांना ठाऊक असल्यामुळे ते माझ्याकडे आले होते.

बाजारातली पट्टी का बसत नाही, हे समजायला त्या रायफलीचा इतिहास पाहावा लागतो. ती 1917 च्या नमुन्याची अमेरिकन लष्करी रायफल होती आणि तिच्या रिसीव्हरच्या (बोल्ट सामावणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या) पुढच्या कड्यावर एडिस्टोन हे नाव कोरलेले होते. एडिस्टोन हे फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला, डेलावेअर नदीकाठी, चेस्टर शहराला लागून असलेले गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या आवारात आधी ब्रिटिशांसाठी 1914 च्या नमुन्याच्या रायफली तयार झाल्या. अमेरिका युद्धात उतरल्यावर तीच रचना अमेरिकेच्या .30-06 या काडतुसासाठी बदलून घेण्यात आली. तीन कारखान्यांत मिळून अशा सुमारे 22 लाख रायफली बनल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या एडिस्टोनच्या होत्या. आमच्या घरापासून गाडीने दोन तासांच्या अंतरावर जन्मलेली ही वस्तू शंभर वर्षांनी दुरुस्तीसाठी माझ्या बाकावर यावी, याची मला उगाचच गंमत वाटली.

या नमुन्याचा मागचा नेमदर्शक रिसीव्हरच्या मागच्या पुलावर, म्हणजे मागच्या आडव्या कमानीवर, बसवलेला असे आणि त्याच्या रक्षणासाठी दोन्ही बाजूंना पोलादाचे दोन उंच कान ठेवलेले असत. युद्धानंतर या रायफली नागरिकांना स्वस्तात मिळू लागल्या. तेव्हा गावोगावच्या बंदूक-कारागिरांनी ते कान घासून काढले, लाकूड हलके केले आणि हरणांच्या शिकारीला योग्य अशी रायफल बनवून दिली. कान काढण्याचे काम कोणी मिलिंगवर केले, कोणी ग्राइंडरवर, तर कोणी चक्क कानशीने. त्यामुळे पुढचे कडे प्रत्येक रायफलीवर बरेचसे सारखे असले, तरी मागच्या पुलाची गोलाई आणि उंची ज्या त्या कारागिराच्या हाताप्रमाणे निराळी आहे. कारखान्यातली पट्टी एका ठरावीक आकाराच्या पुलासाठी बनवलेली असते. माझ्या बाकावरच्या रायफलीचा पूल साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणा अनामिक माणसाने डोळ्यांनी गोल केला होता.

कायद्याचे बोलायचे तर इथे दुर्बिणीची पट्टी ही बंदूक मानली जात नाही, आणि ती घरी बनवायला परवाना लागत नाही. मात्र दुसऱ्यांच्या बंदुकांची दुरुस्ती धंदा म्हणून करायची असेल तर संघीय परवाना घ्यावा लागतो. मी पैसे घेणार नव्हतो. शिवाय मी एक अट घातली, की रायफल माझ्या घरी एक रात्रही राहणार नाही, मापे घ्यायची असतील तेव्हा ते ती आणतील आणि परत घेऊन जातील. त्यांना ती अट बहुधा आवडली, कारण मापे घेण्याच्या निमित्ताने त्यांच्या पाच-सहा संध्याकाळी आमच्याकडे चहावर गेल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या भारतात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला शिकार ही जुन्या वाड्यातल्या पेंढा भरलेल्या मुंडक्यांपुरतीच ठाऊक असते, त्यामुळे घरात या कामावरून थोडी कुरबुर झाली. ती चहाबरोबरच मिटली.

आता पट्टीकडे वळू. दुर्बिणीच्या कड्या ज्यावर आवळल्या जातात त्या आडव्या खाचांच्या पट्टीला इथे सगळे पिकॅटिनी म्हणतात. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागारावरून हे नाव पडले आणि तिची मापे अमेरिकन लष्कराने 3 फेब्रुवारी 1995 रोजी प्रमाण म्हणून ठरवून दिली. त्या प्रमाणाचा क्रमांक 1913 आहे. अनेकांना ते साल वाटते, पण सालाशी त्याचा काही संबंध नाही. पट्टीची रुंदी 21.2 मिमी, कडा 45 अंशांत उतरत्या, खाचेची रुंदी 5.23 मिमी, खोली 3 मिमी आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर 10.008 मिमी असते. त्याआधी प्रचलित असलेल्या वीव्हर पद्धतीत खाच 4.57 मिमी रुंद असे, आणि खाचांमधले अंतर असे ठरलेले नसे. म्हणून वीव्हरच्या कड्या पिकॅटिनी पट्टीवर चालतात, पण उलटे नेहमीच जमते असे नाही.

ही मापे कागदावर पाहिली, की सगळे काम खाचांचेच आहे असे वाटू लागते. मीही पहिले दोन आठवडे त्याच भ्रमात होतो. कोल्हापूरला वडिलांशी व्हिडिओवर बोलताना मी मोठ्या उत्साहाने खाचांचा आराखडा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारले, “दात मोजत बसलायस खरा, पण ह्याचं बूड कशावर बसनार हाय ते बघितलंस का?” शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षे ऑइल इंजिनांच्या बॉडीचे बोरिंग, म्हणजे आतली गोल भोके कातण्याचे काम, केले आहे, तेव्हा जॉब (कातायचा तुकडा) कशावर बसतो हा त्यांचा पहिला प्रश्न असणे साहजिक होते. मी आराखडा उलटा केला. खालच्या बाजूला मी एक सरळ रेघ मारली होती आणि तिच्याखाली ‘गोलाई’ एवढाच शब्द लिहिला होता.

त्या प्रश्नामागचे गणित असे आहे. दुर्बिणीच्या दोन कड्यांमध्ये साधारण 100 मिमी अंतर असते. पट्टीचे एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत 0.05 मिमी, म्हणजे जवळजवळ एका केसाएवढे, वर-खाली झाले, तर 100 यार्डांवर गोळी सुमारे 46 मिमी सरकते. हा फरक कायम राहणार असेल तर दुर्बिणीच्या बटणांनी तो भरून काढता येतो. तो कायम राहत नाही तेव्हाच दुखणे सुरू होते. पट्टीचे बूड रिसीव्हरवर नीट बसलेले नसेल, तर स्क्रू आवळताना पट्टी वाकते. मग प्रत्येक गोळीच्या धक्क्याने आणि थंडी-उन्हाच्या फरकाने तो ताण थोडाथोडा सुटत जातो. पुढे वाकलेली पट्टी कड्यांनाही तिरके करते आणि कड्या दुर्बिणीच्या पातळ नळीला पिळतात. जुन्या ठोकळ्याला तडा का गेला असेल, हे मला त्या रात्री बऱ्यापैकी कळले. वरच्या खाचा कितीही अचूक असल्या तरी त्यांचा यावर काडीचाही परिणाम होत नाही.

म्हणून मापांची सुरुवात मी पुन्हा पहिल्यापासून केली. बोल्ट जिथून सरकतो ती वाट हीच या रायफलीची खरी आधाररेषा आहे, कारण बाहेरचा आकार कोणीही घासलेला असू शकतो. ॲल्युमिनियमची एक दांडी लेथवर त्या वाटेत हलके सरकेल इतकी कातून घेतली आणि ती मागून आत घातली. दांडीचा बाहेर उरलेला भाग सरफेस प्लेटला, म्हणजे मापे घ्यायच्या अगदी सपाट पाटाला, समांतर येईपर्यंत रायफलीखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवले, आणि मग हाइट गेजने पुढच्या कड्याचा व मागच्या पुलाचा माथा मोजला. मागचा पूल 1.92 मिमी खाली निघाला. हे माप मी तीन वेगवेगळ्या संध्याकाळी घेतले. दोनदा 1.92 आले आणि एकदा 1.97. तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांचे कोपर बाकाला लागले होते.

गोलाईचे माप घेणे थोडे अवघड होते. पुढचे कडे बाजूने मायक्रोमीटरमध्ये धरता येते, पण मागचा पूल हा वर्तुळाचा एक तुकडाच आहे, त्याला दोन्हीकडून धरायला काही नाही. अशा वेळी शाळेतली भूमिती उपयोगी पडते. वर्तुळावर ठरावीक लांबीची जीवा घ्यावी, जीवेच्या मध्यापासून चापाची उंची मोजावी, जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागावे आणि त्यात निम्मी उंची मिळवावी, की त्रिज्या हाती येते. 20 मिमी अंतरावर दोन पिना बसवलेला एक छोटा ठोकळा केला आणि मधून डेप्थ मायक्रोमीटर सोडला. चापाची उंची 3 मिमी आली, म्हणजे त्रिज्या 18.17 मिमी. तीन ठिकाणी मोजल्यावर मात्र पूल पुरता गोल नसल्याचे दिसले. उजवीकडे तो किंचित चपटा होता. त्या जुन्या कारागिराचा हात उजवीकडे जरा जड पडत असावा.

बुडाची ही गोलाई कशी कापायची, यावर मी बरेच दिवस घालवले. मिलिंग मशीनचे डोके तिरके करून फ्लाय कटरने (एका दाताच्या फिरत्या कटरने) अंदाजे गोलाई काढता येते, पण ती खऱ्या अर्थाने लंबवर्तुळाची असते. आणि इथे तर एकाच पट्टीवर दोन निराळ्या त्रिज्या, दोन निराळ्या उंचींवर, तरीही एकाच दिशेत हव्या होत्या. उत्तर शेवटी उद्यमनगरातूनच आले. वडील ज्या पद्धतीने इंजिनाच्या बॉडीतली बेअरिंगची घरे एका रेषेत बोअर करत, तीच इथे लागू होती. बोरिंग बार, म्हणजे टूल धरणारी दांडी, लेथच्या दोन टोकांच्या सेंटरांमध्ये धरायचा, टूल त्यातून आरपार बाहेर काढायचे, एरवी टूल धरणारा टूलपोस्ट काढून जॉब क्रॉस स्लाइडवर (लेथच्या आडव्या सरक्यावर) बांधायचा आणि फिरत्या टूलसमोरून कॅरेज, म्हणजे लेथच्या लांबीवर धावणारा भाग, सरकवायची. टूलचे टोक बारच्या मध्यापासून जितके बाहेर, तितकी गोलाईची त्रिज्या. पुढच्या आणि मागच्या बुडासाठी बारमध्ये दोन छिद्रे पाडून टूल दोन ठिकाणी बसवले. उंचीतला फरक क्रॉस स्लाइडच्या फीडने साधला. दोन्ही चाप त्याच कॅरेजच्या चालीने कापले गेल्यामुळे ते एकमेकांना समांतर येणे भागच होते. माझ्या हातच्या कौशल्यावर ते फारसे अवलंबून नव्हते.

पट्टी रिसीव्हरवर टेकते ती जागा पुढे आणि मागे जेमतेम 35-40 मिमी आहे, मधला भाग काडतुसे भरण्याच्या उघड्या तोंडावरून जातो. त्यामुळे छोट्या लेथलाही हे काम झेपले. जॉब बांधल्यावर डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारे माप) हेडस्टॉकवर लावून 165 मिमी लांबीत सुई एका भागाहून, म्हणजे 0.01 मिमीहून, अधिक हलणार नाही याची खात्री करून घेतली. त्यातच एक रविवार गेला. कापायला वीस मिनिटे लागली.

हे सगळे नीट झाले ते दुसऱ्या पट्टीच्या वेळी. पहिली पट्टी मी कोल्ड रोल्ड पोलादाच्या पट्टीतून काढली होती, कारण ते स्वस्त मिळते, कापायला मऊ असते आणि चकचकीत पृष्ठभागामुळे तयारच वाटते. थंड अवस्थेत रुळांखालून दाबून काढलेल्या पोलादाच्या वरच्या थरात ताण कोंडलेला असतो, हे मी पुस्तकात वाचले होते. आठवले मात्र पट्टी बिघडल्यावर. बूड छान कापून झाले, वरच्या खाचाही झाल्या, शेगड्यातून (व्हाइसमधून) पट्टी काढली आणि सरफेस प्लेटवर ठेवली, तर ती पाळण्यासारखी डुलू लागली. वरच्या बाजूचा ताणलेला थर खाचांनी तुकड्या-तुकड्यांत कापला गेला, खालचा बराचसा शाबूत राहिला, आणि पट्टी 0.3 मिमी वाकली. केसाएवढ्या फरकावरून आपण आधी काळजी करत होतो, हा तर सहा केसांचा फरक होता. तिला शेगड्यात धरून सरळ करण्याचा मोह झाला, पण दाबून सरळ केलेले पोलाद पुढच्या थंडीत काय करील याची कोण खात्री देणार? ती पट्टी आता माझ्या बाकाच्या खणाची मूठ झाली आहे.

ॲल्युमिनियम वापरावे का, याचाही विचार केला. बाजारातल्या बहुतेक चांगल्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्याच असतात, वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश भरते आणि छोट्या मशीनला ते लोण्यासारखे वाटते. पण ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तळघरातल्या 20 अंशांत आवळलेली पट्टी नोव्हेंबरच्या पहाटे उणे 5 अंशांत नेली, तर 150 मिमी लांबीत दोन्ही धातूंमध्ये साधारण 0.04 मिमीचा फरक पडतो. व्यवहारात हजारो लोक तशा पट्ट्यांनी सुखाने शिकार करतात, हे मान्य आहे. तरीही शेजाऱ्यांना रायफलीच्या जुन्या काळसर रंगाशी जुळणारी पट्टी हवी होती, आणि मला एव्हाना 0.04 या आकड्याची धास्ती बसली होती. शेवटी 4140 जातीचे, आधीच 28 ते 32 रॉकवेलपर्यंत (रॉकवेल हे कठीणपणाचे माप) कडक केलेले पोलाद मागवले. त्यात कोंडलेला ताण फारच कमी असतो.

यावेळी सगळा आकार अर्धा मिलिमीटर जादा ठेवून ढोबळ कापला, आठवडाभर पट्टी तशीच ठेवली आणि मग शेवटचे हात मारले. 4140 वर माझे मशीन धापा टाकते. चार धारांचा 3/16 इंची कार्बाइड कटर, मिनिटाला 2000 फेरे आणि एका वेळी पाव मिलिमीटर खोली, याहून जास्त मागितले की मशीनचे डोके थरथरू लागते. पंधरा खाचा, प्रत्येकीला बारा फेऱ्या, वर प्रत्येक खाच दोन्ही बाजूंनी थोडी रुंद करायची. खाचांबद्दल एरवी लिहिण्यासारखे फारसे नाही, पण डायलची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझ्या छोट्या मिलिंग मशीनच्या टेबलाचा स्क्रू इंचाला सोळा आट्यांचा आहे, म्हणजे हँडलचा एक फेरा साडेबासष्ट थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). साडेबासष्ट! शंभर किंवा दोनशे थाऊच्या डायलवर काम केलेल्या माणसाला ही शिक्षाच आहे. दोन खाचांमधले अंतर 394 थाऊ, म्हणजे सहा पूर्ण फेरे आणि वर एकोणीस थाऊ. ॲल्युमिनियमच्या सरावाच्या तुकड्यावर नवव्या खाचेला मी पाचच फेरे मोजले, कारण त्याच क्षणी वरून जेवायची हाक आली. दीड मिलिमीटर चुकलेली खाच लपत नाही. त्यानंतर मी प्रत्येक खाचेचे अंतर पहिल्या खाचेपासून मोजून तक्ता केला, म्हणजे एकीची चूक पुढचीत मिळवली जात नाही. शेवटची खाच 5.516 इंचांवर, म्हणजे 88 फेरे आणि वर 16 थाऊ. तो कागद भिंतीवर चिकटवला आणि प्रत्येक खाच झाली की पेन्सिलीने खूण केली. टेबल नेहमी एकाच दिशेने आणायचे, पुढे गेले तर बरेच मागे नेऊन पुन्हा आणायचे, हे तर कोणत्याही शिकाऊ मुलाला ठाऊक असते. आणि जेवायला जायचे असेल तर खाच पूर्ण करून जायचे.

रिसीव्हरमधली चार भोके जुन्या कारागिराने पाडलेली होती आणि त्यांचे आटे 6-48 जातीचे, म्हणजे साडेतीन मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला अठ्ठेचाळीस आट्यांचे होते. ती भोके कोणत्याही तयार पट्टीच्या अंतरांशी जुळत नव्हती, आणि शेवटचे भोक मध्यरेषेपासून 0.4 मिमी डावीकडे होते. जुने चार स्क्रू घेऊन त्यांची डोकी कापली, लेथवर त्यांना अणकुचीदार टोके काढली आणि ती भोकांत उलटी बसवून टोके किंचित वर राहू दिली. मग पट्टी मध्यरेषेत धरून वरून हलकी टपली मारली, की बुडावर चार अचूक ठिपके उमटतात. पट्टी रायफलीच्या मध्यरेषेवर राहिली आणि भोक मात्र जिथे होते तिथेच मान्य केले. पुढचे दुसरे भोक एका खाचेच्या काठावर अर्धे आत, अर्धे बाहेर येत होते. हे खाचा कापण्याआधी लक्षात आल्यामुळे साऱ्या खाचा 3 मिमी मागे सरकवून निभावले.

स्क्रूच्या लांबीकडे दुर्लक्ष करणे इथे धोक्याचे असते. पुढच्या कड्यातला स्क्रू लांब झाला तर तो आत बोल्टच्या अडसरांच्या वाटेत किंवा थेट नळीवर टेकतो, आणि स्क्रू घट्ट वाटतो, पण पट्टी सैलच राहते. प्रत्येक स्क्रू एकेकटा बसवून बोल्ट उघडबंद करून पाहिला. दोन स्क्रू एकेका आट्याने कमी करावे लागले.

बूड किती बसले, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. पुढचे दोन स्क्रू आवळायचे, मागचे मोकळे ठेवायचे आणि मागे फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पाती, घालून पाहायचे. डावीकडे काहीच शिरले नाही, उजवीकडे जिथे पूल चपटा होता तिथे 0.06 मिमीची पाती गेली. पट्टीच्या मागच्या टोकावर डायल लावून मागचे स्क्रू आवळले, तर सुई पाच भाग खाली गेली. पहिल्या आकड्याची आठवण करून देतो: पाच भागांना 46 मिमी. सगळे एवढे जपून कापल्यावरही ते शेवटी हातात आले, कारण पूल गोलच नव्हता आणि माझे बूड गोल होते. अशा वेळी पूल घासायला जाणे हा अविचार झाला असता. शंभर वर्षांचे ते निकेल-पोलाद एकदा कमी केले की परत येत नाही. मागच्या बुडाखाली पोलादाची पूड मिसळलेल्या इपॉक्सीचा पातळ थर दिला, पुलावर आधी मेण चोळले म्हणजे तो तिथे चिकटणार नाही, पुढचे स्क्रू आवळले, आणि मागचे नुसते बोटाने टेकवून रात्रभर वाळू दिले. त्या रात्रीपुरती माझी अट मोडली असती. म्हणून इपॉक्सी, मेण आणि पट्टी घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मागचे स्क्रू आवळले तेव्हा सुई अर्धा भागही हलली नाही.

रंगाचे काम थोडक्यात आटोपले. घरगुती निळसर-काळ्या द्रावणाचे चार हात दिले, प्रत्येक वेळी तेलाने पुसले, आणि रंग रायफलीच्या जवळपास आला. उन्हात तो थोडा तपकिरी दिसतो. शेजाऱ्यांना ते चालले.

शेवटच्या बसवणीत स्क्रू आणि भोके तेलमुक्त केली, आटे सैल होऊ न देणारे निळे लॉकटाइट लावले आणि टॉर्क पान्ह्याने 2 न्यूटन-मीटरवर आवळले. इतक्या बारीक आट्यांना याहून जास्त ताकद सोसत नाही. कड्या बसवताना त्यांचा आडवा बोल्ट खाचेत पुढच्या बाजूला, नळीच्या दिशेने, टेकवून मगच घट्ट करायचा असतो. गोळी सुटताना रायफल मागे झेपावते आणि जागच्या जागी राहू पाहणारी दुर्बीण पट्टीच्या तुलनेत पुढे सरकू पाहते, तेव्हा त्या बोल्टला आधीच भिंतीचा आधार मिळालेला बरा. दुर्बीण बसल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर उतरणारी पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर गेलो. आधी 25 यार्डांवर कागद गाठला आणि मग 100 यार्डांवर. गोळ्या त्यांनीच झाडल्या, मी कानांवर संरक्षक लावून मागे बसून राहिलो. .30-06 चा धक्का ऐंशीच्या माणसाच्या खांद्याला झेपतो, हे पाहून मी चकित झालो. त्यांनी सावकाश वीस गोळ्या झाडल्या, मध्ये दोनदा कॉफी प्यायली, आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघांच्याच जागी, माझ्या तळहाताने झाकता येतील इतक्या जवळ लागल्या. त्यांनी कागद काढून घडी घातला आणि बोल्ट जिथे ठेवत त्याच खिशात ठेवला.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी इथला हरणांचा रायफल हंगाम सुरू झाला. त्या पहाटे कायद्याने सांगितलेला भडक नारिंगी कोट आणि टोपी घालून ते निघाले तेव्हा गाड्यांच्या काचांवर हिमाचा थर होता. दोन्ही आठवडे ते जंगलात जात राहिले आणि त्यांनी एकही गोळी झाडली नाही. एक मोठे नर हरीण साठ यार्डांवर आले होते, पण मध्ये फांदी होती, असे त्यांनी सांगितले. डिसेंबरच्या मध्यावर ते रायफल घेऊन पुन्हा तळघरात आले, बोल्ट खिशातून काढून बाकावर ठेवला, आणि आम्ही दोघांनी दिव्याखाली भिंग धरून चारही रेघा पाहिल्या. तीन जशाच्या तशा होत्या. मागच्या, डावीकडे सरकलेल्या भोकातल्या स्क्रूची रेघ केसभर तुटलेली होती. मी पट्टीवर डायल लावली, स्क्रू पुन्हा 2 न्यूटन-मीटरवर आणला, सुई हलली नाही, आणि मी जुनी रेघ पुसून नवी ओढली.